मधली परत

भार्गवी वानखडेला मराठी येत नाही, हे डॉ. अभिजित खासनीसांनी तिला लॅबमध्ये घेतलं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. "तुम्ही अमरावतीची माणसं मुळातच अर्धी हिंदी, त्यात तुझा जन्म जयपूरचा. उरलं काय?" असं ते चारचौघांत विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता हसायचे. भार्गवीही हसायची. गाइड हसला की विद्यार्थ्याने हसायचं असतं, हा नियम कुठल्याही विद्यापीठाने छापलेला नाही, पण तो मोडून कोणी पीएच.डी. झाल्याचं ऐकिवात नाही.

खासनीस पुण्याचे. जयपूरच्या विद्यापीठात त्यांची निम्मी नोकरी सरली, बनी पार्कात स्वतःचं घर झालं, पण मराठी जशी आणली तशी जपून ठेवलेली. भार्गवीचे वडील विमा कंपनीच्या बदलीवर इकडे आले आणि मालवीय नगरात फ्लॅट घेऊन इथलेच झाले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिच्या आईने, सुहासिनीबाईंनी, खासनीसांना गाठून मुलीसाठी शब्द टाकला होता. "आपली मुलगी आहे, घेतो," ते म्हणाले. हे 'आपली' त्यांनी पुढे पुरेपूर वापरलं. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला आपली मुलगी, उत्तरपत्रिका तपासायला आपली मुलगी, आणि काही बिनसलं की सगळ्यांआधी बोलणी खायलाही आपलीच मुलगी. परक्यांना बोललं तर ते मनाला लावून घेतात.

या लॅबमध्ये चुंबकं बनत, पण फ्रिजच्या दारावर लावायची नव्हेत. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर हवा काढून घेतलेल्या चेंबरमध्ये धातूचे थर चढवायचे, एकावर एक, इतके पातळ की डोळ्याला नुसती चकाकी दिसावी. लॅबमध्ये याला फिल्म टाकणं म्हणत. एक थर कडक चुंबकाचा. हा हट्टी, एकदा एका दिशेला तोंड केलं की सहजी वळायचा नाही, पण अंगात जोर बेताचा. दुसरा लोखंडाचा, मऊ चुंबकाचा. त्याच्यात जोर भरपूर, पण स्वतःचं मत नाही. जो ओढील त्याच्याकडे तोंड. दोघांना अंगाला अंग लावून बसवलं की हट्टीच्या धाकात मऊ राहावा, आणि एकाचा हट्ट नि दुसऱ्याचा जोर मिळून एक जबर चुंबक व्हावं, अशी आशा.

घोडं पेंड खायचं ते भट्टीत. कडक थराला कडकपणा यावा म्हणून फिल्म तापवावी लागे, आणि तापवली की लोखंड शेजारच्या थरात झिरपून सगळा चिखल होई. मग मोजणीच्या यंत्रावर जो आलेख निघे त्याच्या उतरणीवर एक खांदा येई. खांदा आला म्हणजे समजायचं, थर आपापले वळताहेत, एकमेकांना जुमानत नाहीत. भार्गवीने पाच वर्षं खांदेच पाहिले होते. तिची फेलोशिप सप्टेंबरात संपत होती आणि पहिलं नाव असलेला एक तरी पेपर छापून आल्याशिवाय विद्यापीठ थिसिस घेत नव्हतं. खांद्यांवर कोणी पेपर छापत नाही.

तिच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. दोन थरांच्या मध्ये तिसरा एक, अगदी पातळ थर घातला तर? लोखंडाला झिरपू न देण्यापुरता. लॅबच्या मीटिंगमध्ये तिने हे मांडलं तेव्हा खासनीसांनी सगळ्यांसमोर हात झटकला. दोघांच्या मध्ये भिंत बांधलीस तर ते एकमेकांशी बोलणार कसे, असं त्यांचं म्हणणं. भार्गवी म्हणाली, आमच्या शेजारच्या शर्माजींचा टीव्ही भिंतीतून ऐकू येतो, भिंत पातळ असली की झालं. शिवलंच पाहिजे असं थोडंच आहे, चुंबकाचं क्षेत्र पलीकडे पोचतंच. पोरं हसली. खासनीसांना दुसऱ्याच्या विनोदावर पोरं हसलेली आवडत नसत, तेव्हा विषय तिथेच मिटला.

मिटला तो मीटिंगमध्ये. लॅबची भाषा हिंदी, आणि हिंदीत थराला म्हणतात परत. त्यामुळे भार्गवीची ती कल्पना 'बीच की परत' या नावाने टपरीवरच्या चहाबरोबर चेष्टेचा विषय होऊन बसली. "आज कुछ पिघला, या बीच की परत डालनी पड़ेगी?" वरुण शेखावत विचारायचा. वरुण तिच्या मागून आलेला, पण खासनीसांच्या मर्जीतला. कामाला वाईट नव्हता. वारा कुठून येतो हे त्याला आधी कळायचं, इतकंच.

शीतला अष्टमीच्या दिवशी लॅबला सुट्टी होती. वरुणचं गाव चाकसू, तिथे शीतला मातेचा मोठा मेळा भरतो, तेव्हा तो आदल्या दिवशीच घरी पळालेला. खासनीस एका परिषदेसाठी चेन्नईत. भार्गवी एकटीच आली होती, कारण परिषदेत दाखवायच्या पाच फिल्म मोजायच्या राहिल्या होत्या. पाचही फिल्मना खांदे. त्यातून तिसरी, म्हणजे मधली, तर पार हाताबाहेर गेलेली. तिने भीतभीत फोन लावला. पलीकडे विमानतळावरची घोषणा चालू होती.

"सर, पाचही मध्ये खांदा आहे. मधली तर बघवत नाही."

"मग मधली परत टाक," खासनीस म्हणाले.

भार्गवीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सर, मधली परत? खरंच टाकू?"

"खरंच म्हणजे? गंमत करायला फोन केलायस का? मधली परत टाक आणि तापवून मोज."

"पण कशाची टाकू, सर? मतलब, कुठला मटेरियल..."

"आता तेही मीच सांगू? पाच वर्षं काय केलंस इथे? डोकं वापर जरा." आणि फोन बंद.

मराठीत 'परत' म्हणजे पुन्हा, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वानखड्यांच्या घरात मात्र पुन्हा हे 'पुन्हा' असतं, नाहीतर 'वापस'. वापस ये, वापस सांग, वापस करून पाह. परत हा शब्द त्या घरात भाजीबरोबर येत नव्हता की भांडणात येत नव्हता. भार्गवीने तो आयुष्यभर ऐकला तो हिंदीत, आणि गेले काही महिने तर रोज, तिच्याच कल्पनेचं नाव म्हणून. त्यामुळे तिला जे ऐकू आलं ते एवढंच: सर मानले. ते कधी चूक कबूल करत नाहीत, ही त्यांची कबुली देण्याची पद्धत असेल. आणि वर डोकं वापर म्हणाले. रिकाम्या लॅबमध्ये ती एकटीच खुळ्यासारखी हसली.

मग तिने खरोखरच डोकं वापरलं. टँटलम निवडलं, कारण ते लोखंडात सहजी मिसळत नाही आणि ज्या चकतीतून थर चढतो ती त्याची चकती चेंबरमध्ये आधीच लावलेली होती. जाडी किती, यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहून विचार करत होती. जास्त झाली तर पलीकडचं पलीकडे राहील, कमी झाली तर तापवताना फाटेल. शेवटी एक नॅनोमीटर ठरवलं. पंप चालू केला, आईने डब्यात दिलेला भात तिथेच उभ्याने खाल्ला, आणि संध्याकाळी चेंबरमधून तुकडा काढून भट्टीत ठेवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आलेख निघाला. उतरण गुळगुळीत. खांदा नाही. तिने तुकडा काढून, पुसून, पुन्हा लावून मोजला. तरी नाही. दोन थर, मध्ये भिंत, आणि दोघं एकत्र वळत होते.

सोमवारी खासनीस आले. वरुणसकट सगळे लॅबमध्ये होते. भार्गवीने आलेखाचा कागद पुढे केला, तर त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मधली फिल्म कुठंय?"

"ही काय सर. टँटलम टाकलंय. एक नॅनोमीटर."

"टँटलम? कुठे?"

"मध्ये. तुम्हीच म्हणालात ना, मधली परत टाक."

खासनीस जे सुटले ते सुटलेच. "अगं बये, परत! परत म्हणजे पुन्हा! मधली फिल्म पुन्हा बनव म्हणालो मी! लेअरला माझ्या तोंडून कधी परत ऐकलंस? मी थर म्हणतो, थर!" आणि बाकीच्यांची करमणूक बुडू नये म्हणून तेच सगळं हिंदीत. "मैंने कहा, बीचवाली दोबारा बनाओ। मराठी में परत मतलब दोबारा। और मैडम ने बीच में एक परत घुसेड़ दी! अपनी ही ज़बान नहीं आती!" वरुण टेबलावर डोकं टेकून हसला. आठवडाभर लॅबमध्ये तिचं नाव 'परत मैडम' पडलं. भार्गवीला त्याचं दुःख झालं ते आईजवळसुद्धा सांगता येईना. मराठी येत नाही म्हणून पाच वर्षं हसून घेतलं होतं, आता पुरावाच दिला होता.

आलेख खासनीसांच्या टेबलावर पडून होता. एका दुपारी त्यांनी तो चहाचा कप ठेवायला उचलला आणि कप हातातच राहिला. भार्गवी समोरच्या टेबलावरून बघत होती. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, कागद उजेडाकडे धरला. मग वरुणला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर फारच गोड दिवस आले. खासनीस तिला 'भार्गवी बेटा' म्हणू लागले. मधला थर जाड करत नेला तर काय होतं, हे बघायचं काम त्यांनी तिच्याकडे दिलं. कामाची आखणी तिची, फिल्म तिच्या, भट्टीसमोरचा जयपूरचा मे महिनाही तिचाच. थोडा जाड होईपर्यंत थर एकमेकांना सांभाळून घेत, त्यापुढे खांदा डोकं वर काढे. म्हणजे थरांना शिवायची गरज नव्हती, जवळ असणं पुरत होतं. मीटिंगमध्ये ती हेच म्हणाली होती. वरुण दिल्लीच्या एका मोठ्या यंत्रावर त्याच फिल्मची मोजमापं करून आला. पेपर होणार हे नक्की झालं. भार्गवीने आईला फोन करून सांगितलं की थिसिस यंदा जाणार, आणि सुहासिनीबाईंनी घरात सगळ्यांना पेढे वाटून टाकले.

विभागाच्या सेमिनारमध्ये खासनीस बोलायला उभे राहिले. पडद्यावर तो गुळगुळीत आलेख होता. कोणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? खासनीस हसले. "मैं चेन्नई एअरपोर्ट पर था। स्टूडेंट का फ़ोन आया कि नतीजे ख़राब हैं। मैंने बस इतना कहा, बीच की परत डालो। मराठी में ही कहा, मधली परत टाक।" श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या भार्गवीचा हातही टाळीसाठी उठला होता. तो तसाच मांडीवर आला.

पेपरचा मसुदा आला तेव्हा पहिलं नाव वरुणचं, शेवटचं खासनीसांचं, आणि मध्ये कुठेतरी तिचं. ती केबिनमध्ये गेली.

"सर, माझं नाव..."

"आहे की. बघितलं नाहीस का नीट?"

"पहिलं नाही."

"कल्पना माझी, महत्त्वाची मोजणी वरुणची. तू फिल्म टाकल्यास, म्हणून नाव आहे."

"पण सर, तुम्हाला 'पुन्हा' म्हणायचं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

खासनीस आता मुळीच रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. "वाक्य कुणाचं होतं, भार्गवी? मधली परत टाक. शब्द माझेच ना? त्याचा अर्थ काय हे मला ठाऊक असणार की तुला? तुझं मराठी कच्चं आहे. त्या दिवशीही कच्चं होतं, आजही आहे." आणि लेखकांच्या संमतीचा कागद पुढे सरकवला. "इथे सही कर. वरुणला परदेशी जायचंय, त्याला घाई आहे. तुझा पुढचा पेपर बघू."

पुढचा पेपर सप्टेंबराच्या आत होणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. भार्गवीने सही केली नाही. दारातून बाहेर पडताना रागापेक्षाही जास्त तिला लाज वाटत होती, आपण या माणसाच्या विनोदांवर इतकी वर्षं हसलो याची.

"काहून व, जेवून काहून नाही राहिली?" त्या दिवशी सुहासिनीबाईंनी विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. गणपतीत शब्द टाकणारी तीच होती, त्यामुळे तिचा चेहरा ओशाळला. मग म्हणाली, "म्हंजे शिव्या देताना मराठी आन् श्रेय घेताना हिंदी? वा रे वा शहाना!" तक्रार करायचं आईनेच ठरवून टाकलं. डीनकडे अर्ज गेला, तिघांची समिती बसली, आणि समितीतली नावं ऐकून घरात पहिल्यांदा जरा हुरूप आला. अध्यक्ष माथुरजी, दुसरे एक इंजिनियरिंगचे प्राध्यापक, आणि तिसऱ्या डॉ. विभा रिसबूड. रसायनशास्त्राच्या. मूळच्या सांगलीच्या. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला येणाऱ्या, सुहासिनीबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या डब्यात भरून नेणाऱ्या.

"त्या बाईले 'परत' म्हंजे काय हे सांगा लागन का?" आई म्हणाली. भार्गवीला ते पटलं. दोन जणांना नसेल कळत, एकीला तर कळतं. एक पुरे.

समिती जुलैत एका दुपारी बसली. कूलरची घरघर इतकी की माथुरजींनी तो बंद करायला लावला आणि मग सगळ्यांना घाम फुटला. माथुरजी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी भार्गवीला आधी पाणी दिलं, मग प्रश्न विचारले.

"बेटा, यह वाक्य प्रोफ़ेसर साहब ने कहा था या नहीं? मधली परत टाक?"

"कहा था, सर।"

"मधली मतलब बीच की?"

"जी।"

"टाक मतलब डालो?"

"जी सर, लेकिन परत का मतलब..."

"परत तो परत है," माथुरजी म्हणाले, आणि इंजिनियरिंगचे प्राध्यापक मान हलवत हसले. "बीच की परत डालो। इससे साफ़ और क्या कहेंगे?"

भार्गवीने जीव तोडून सांगितलं. मराठीत परत म्हणजे दोबारा. सर थराला नेहमी थर म्हणतात, परत कधीच म्हणत नाहीत. "थर? थार, वो गाड़ी?" इंजिनियरिंगवाले म्हणाले. कोणी मुद्दाम चेष्टा करत नव्हतं, आणि तरी भार्गवी रडायच्या बेताला आली. ही कल्पना आपणच मीटिंगमध्ये मांडली होती आणि सरांनी ती झटकली होती, हेही तिने सांगितलं, पण मीटिंगची लेखी नोंद कोणी ठेवली नव्हती. तिने सोमवारची गोष्ट सांगितली, सगळ्यांसमोर सरांनी हिंदीत काय म्हटलं ते. वरुणला आत बोलावलं. तो तिच्याकडे न बघता उभा राहिला.

"सर, फ़ोनवाले दिन तो मैं चाकसू में था, मेले में।"

"और सोमवार को?"

"था तो सही। पर ठीक से याद नहीं, सर। सर तो डाँटते रहते हैं।"

खासनीस कोपऱ्यात मान किंचित कलती करून बसले होते, अवघड पोरीला समजून घेणाऱ्या माणसासारखे. "मेरी ही ग़लती है," ते म्हणाले. "घर की बच्ची समझकर मराठी में बोलता हूँ। वह यहीं पली-बढ़ी है, भाषा थोड़ी कमज़ोर है। मैंने कहा था, दिमाग़ लगाओ। उसने लगाया। मुझे तो गर्व है।"

माथुरजींनी पेन खाली ठेवलं. "रिसबूड मैडम, आप तो मराठी हैं। आप ही बताइए, मराठी में परत के क्या मायने हुए?"

भार्गवीने विभा रिसबुडांकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण मराठी आहोत ते बरं आहे. विभा रिसबुडांनी मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खासनीसांकडे पाहिलं, मग समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे.

"शब्दकोश में दोनों मिल जाएँगे, सर," त्या म्हणाल्या. "दोबारा भी, और तह यानी लेयर भी। संदर्भ पर है।"

खोटं नव्हतं ते. जुना जाडजूड शब्दकोश काढला तर खरंच सापडलं असतं कुठेतरी. खोटं असतं तर खोडता तरी आलं असतं.

"पण मॅडम, बोलताना?" भार्गवी मराठीतच बोलली, तिला हिंदी सुचेनाच. "तुम्ही घरी बोलताना थराला परत म्हणता? कधी म्हणालात?"

"संदर्भावर असतं, भार्गवी," विभा रिसबूड हळूच म्हणाल्या आणि माथुरजींना हिंदीत सांगितलं, "पूछ रही है, मैंने कह दिया कि संदर्भ पर है।"

पुढचं लवकर आटोपलं. नावांचा क्रम ठरवणं हा गाइडचा अधिकार, कल्पना कोणाची याबद्दल वाक्यच बोलकं आहे, आणि तक्रार केवळ भाषेच्या गैरसमजातून झालेली दिसते. विद्यार्थिनीने मन लावून पुढचा पेपर करावा. फेलोशिपची मुदत वाढवणं समितीच्या हातात नाही. माथुरजींनी उठताना भार्गवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि "ख़ुश रहो" म्हणाले. खासनीसांनी वरुणसाठी दार उघडं धरलं. दोघं बोलत बोलत जिन्याकडे गेले.

भार्गवी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. आईचे दोन फोन येऊन गेले होते. उचलून काय सांगायचं हे तिला कळत नव्हतं. सप्टेंबरनंतर काय, हेही कळत नव्हतं. पाच वर्षं गेली ती गेली, आणि हातात राहिला एक गुळगुळीत आलेख, ज्याच्याखाली पहिलं नाव दुसऱ्याचं असणार होतं.

मागून चपलांचा आवाज आला. विभा रिसबूड तिच्यासमोर येऊन थांबल्या. त्यांनी आधी दोन्हीकडे पाहून घेतलं, मग तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रागावलीस ना? रागाव, मला समजतं," त्या म्हणाल्या. "पण माझंही बघ. खासनीसांबरोबर मला याच इमारतीत अजून बरीच वर्षं काढायची आहेत. पुढच्या वर्षी तेच डीन होतायत. आणि आपण मराठी माणसं इथे मूठभर. माथुरांसमोर आपलीच धुणी कशाला धुवायची? नाव आहे ना पेपरात? मग झालं. तुझं वय लहान आहे."

भार्गवीने नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा विभा रिसबुडांना धीर आला असावा, कारण त्यांनी आवाज आणखी मऊ केला.

"आईला नमस्कार सांग. तिला म्हणावं, मी येऊन जाईन एकदा. आणि एक ऐक माझं, तुझ्या भल्यासाठी सांगते. असं परत करू नकोस."

बोलताना त्यांना काही वावगं वाटलं नाही. जन्मापासून तोंडात बसलेला शब्द तो. कोण कशाला अडखळेल?

"काय नको करू, मॅडम?" भार्गवीने विचारलं.

"हेच गं. तक्रारी, अर्ज. परत नको करूस."

"कुठली परत, मॅडम?"

विभा रिसबुडांचा हात भार्गवीच्या खांद्यावरून खाली आला. मग त्यांनी घाईघाईने पर्स उघडली, चष्म्याचं घर काढलं, आत बोटं घालून चाचपू लागल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.